हाकेवाचून ओ

मंगळवारी कबुतरं यायची.
कथबर्ट हेपल वेताची पेटी छातीशी धरून
प्रयोगशाळेचे तीन जिने चढायचा,
वर आल्यावर आधी कबुतरांची विचारपूस करायचा,
मग स्वतःचा श्वास गोळा करायचा.
डरहमच्या कोळशानं त्याचं अर्धं फुप्फुस
कायमच्या भाड्यानं घेतलं होतं.
"निळीला आज नको, बाई. शनिवारी तिची शर्यत आहे."

निळीला मी सोडायचे.
बाकीच्यांच्या पंखाखाली, पिसं विरळ होतात तिथं,
सुई. चमचाभर रक्त.
कबुतराच्या तांबड्या पेशीत अजून केंद्रक असतं,
आणि तिच्या पटलात एक जुनी ओळख:
अ‍ॅड्रिनलिनचा थेंब पडला
की ती आतून ओ देते.
थेंब धुऊन टाकला की गप्प.
मी वहीत आकडे लिहायचे,
चढलेले निळ्या शाईनं, उतरलेले पेन्सिलीनं.
पेन्सिलीकडे कुणी बघत नव्हतं.

नोव्हेंबरात बंगालहून एक कुपी आली,
नदीकाठच्या कुठल्याशा इस्पितळातून.
तळाला चिमूटभर पांढरी भुकटी,
वर एक नंबर, आणि चिठ्ठी: थंड जागी ठेवा.
मधोमध भोक पाडलेली खाट,
खालची बादली,
त्या बादलीतून उचललेला जंतू,
यातलं कुपीवर काही लिहिलेलं नव्हतं.

विष पाच पाकळ्यांनी पेशीला बिलगतं,
सहावा भाग आत सरकतो.
अर्धा तास काही नाही.
मी चहा पिऊन आले, खिडकीतून टाइनवरचं धुकं पाहिलं.
मग आकडे चढू लागले.
चढले ते चढतच राहिले.
अ‍ॅड्रिनलिनची बाटली कपाटात होती, बूच लावलेली.
नळ्या तीनदा धुतल्या. हातही धुतले.
हाक नव्हती,
ओ चालू होती.

कारण कळायला वर्षं लागली.
विष स्वतः काहीच पेटवत नाही.
पेशीच्याच घरातला एक रेणू घेतं, मोडतं,
आणि त्याचा तुकडा डकवतं
निरोप्याच्या नेमक्या त्या बोटावर
ज्यानं तो आपली वात विझवायचा.
मग निरोप्या जागा. दारातलं एन्झाइम जागं.
पाणी सोडा, पाणी सोडा,
आणि आतड्यातल्या बिचाऱ्या पेशी सोडत राहतात,
कुणीतरी सांगितलंय अशा समजुतीनं.

पण त्या मंगळवारी मला एवढंच ठाऊक होतं
की काहीतरी थांबत नाहीये.
हेपलला तेच सांगितलं.
तो पेटीची कडी लावत होता, लावता लावता थांबला.

"आमच्या खाणीचा भोंगा एकदा अडकला होता.
वाफेची झडप बसेना.
अकरा मिनिटं.
बायका ओल्या हातांनी फाटकाशी धावल्या.
खाली काहीच झालं नव्हतं. आम्ही सगळे वर आलो,
सगळ्यांनी तोंडं दाखवली, मोजून घेतलं.
फिटरनं भोंगा बंद केला.
माझी आई मात्र त्यानंतर टेबलाशी बसून जेवली नाही.
ताटली हातात, उभ्यानं, दाराजवळ.
सतरा वर्षं."

मी काही बोलले नाही. सेंट्रिफ्यूज फिरत होतं.

आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत झडतं,
नवी पेशी कोरी उगवते, तिला कुणी डिवचलेलं नसतं.
तोवर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं,
वाटीवाटीनं, रात्रभर, जागं राहून.
आतड्यापुरतं तरी हे खरं आहे.

शनिवारी निळी आली नाही.
रविवारी आली ती छपराच्या कौलांवरच बसली.
हेपल खाली वाटाण्यांचा डबा खुळखुळवत राहिला,
हाकेवर हाक, हाकेवर हाक,
ती मान वाकडी करून बघत राहिली.
अंधार पडला, त्याला खोकला आला,
त्यानं डबा खाली ठेवला.
तेव्हा उतरली.