बाकी

नोंदवहीत जहाजाचं सगळं आहे:
ऑरेगॉनच्या गोदीत बांधणी, सत्तर दिवसांत.
नांगर हरवला एक, उलिथीजवळ.
तळाचं शेवाळ दोनदा खरवडलं.
उतरवले: चौदाशे बासष्ट.
परत चढवले: नऊशे आठ.
जहाजाचं नुकसान: नाही.

वजाबाकी कुणी मांडली नाही.
ती जहाजाच्या कामात बसत नव्हती.

भटारी टेट्झलाफला मात्र कळली ती
पहाटे चारला, परातीपाशी.
हात सवयीनं चौदाशेंचं पीठ मळून बसले होते.
उरलेले पाव त्यानं समुद्रात टाकू दिले नाहीत.
तीन दिवस शिळेच वाढले.
एरवी मिठावरून भांडणारी पोरं
गप्प जेवली.

मग कोरियाच्या दोन खेपा,
मग नदीच्या मुखाशी, इतर जहाजांच्या रांगेत
चौदा वर्षं नुसतं गंजणं.

ब्राउन्सव्हिलला यूसेबियो कटर घेऊन आत शिरला.
चार-चार खाटांची उतरंड.
सगळ्यात वरच्या खाटेवर, छताच्या पत्र्याला,
झोपणाऱ्याच्या नाकापासून वीतभर,
चाकूनं रंग खरवडून लिहिलेलं:
डेलबर्ट, तुझे सात डॉलर बाकी. बुधवारी देतो.

त्यानं ज्योत जरा सरकवली,
तेवढा पत्रा चौकोनी कापून
डब्याच्या पिशवीत ठेवला.

बाकीचं वजनावर गेलं.