मागच्या दाराची वाट

व्होरू गावाबाहेर, बर्चच्या रानाला लागून
आमचा खुर्च्यांचा कारखाना.
एस्टोनियातला हिवाळा : नऊ वाजता जरासं उजाडतं,
तेही उपकार केल्यासारखं.

माइमू सहाला येते.
कोट काढत नाही, कॉफी नाही,
खांद्यावर फावडं टाकून सरळ इमारतीच्या मागं जाते
आणि हिरव्या दिव्याच्या दाराबाहेरचा बर्फ उपसते.
त्या दारानं कुणी येत नाही.
त्या दारानं कुणी जात नाही.
बावीस वर्षं ती वाट काढते आहे
दारापासून कुंपणापर्यंत,
आणि वाटेवर पावलं उमटतात ती फक्त तिचीच.

मी नवी होते, हसायचे.
हेन्नो म्हणायचा,
म्हातारीकडे कुणीतरी येणार दिसतंय,
मागच्या दारानं.

संध्याकाळी तिचं दुसरं खूळ.
पॉलिशच्या खोलीत आम्ही तेलकट चिंध्यांचा बोळा करून
कोपऱ्यात भिरकावायचो.
ती एकेक उचलायची, झटकायची,
बाहेर तारेवर पसरायची, बाळाच्या दुपट्यांसारखी.
डोळ्यांत तेल घालून म्हणतात,
हिच्या तर नखांतही होतं. जवसाचं.
"याला काडी लागत नाही," एकदा म्हणाली,
"गुंतून बसलं की आपलं आपण तापतं.
पसरून ठेवलं की निवतं."
एवढंच. ती भाषणं करत नाही.
भिंतीवर नियमांचा तक्ता होता,
त्याखाली माझी सही होती.
वाचला मात्र नव्हता.

मग तिचा गुडघा. तार्तूला ऑपरेशन, तीन आठवडे.
बर्फ पडत राहिला,
दुपारी थोडा पाझरून रात्री गोठत राहिला,
आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही,
कारण लक्षात येण्यासारखं तिथं काही नव्हतंच.

मंगळवारी अकराच्या सुमाराला घंटा झाली.
कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप करपलं होतं,
पण ते आम्हाला कुठं ठाऊक?
पुढच्या बाजूनं धूर आला, म्हणून मागं वळलो,
त्रेचाळीस जण, भुवयांपर्यंत भुसा.
हेन्नोनं दांडा ढकलला.
दार हललं
तळहाताएवढं.
मग थांबलं.

त्या फटीतून थंडीची एक उभी रेघ आत आली.
रेघेत कुंपण दिसत होतं,
कुंपणावर एक कावळा, मान वाकडी करून.
हेन्नोनं खांदा लावला. मग तिघांनी लावला.
माझ्या पाठीवर कुणाचं तरी काळीज धडधडत होतं,
कुणाचं ते अजून सांगता येत नाही.
दारापलीकडे कुलूप नव्हतं, भिंत नव्हती.
पाणी होतं. नुसतं पाणी, कडक झालेलं.
आगीतून पळणाऱ्यांना
पाण्यानं अडवलं होतं.

घंटा थांबली. पुढून लुले ओरडली,
सूप! अरे, सूप आहे नुसतं!
सगळे हसले, हवं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.
हेन्नो हसला नाही.
तो फटीत घातलेली बोटं बाहेर काढून
एकेक करून बघत होता, पाचच्या पाच आहेत ना.

त्या रात्री कुणी कुणाला काही बोललं नाही.
मी घरी स्वयंपाकघराचं दार दोनदा उघडून पाहिलं.
सकाळी पावणेसहाला पोचले, फावडं शोधायला,
तर ते जागेवर नव्हतं.
मागून पहारीचे घाव ऐकू येत होते.

माइमू मार्चमध्ये आली, काठी टेकत.
सवयीनं मागं गेली आणि उभी राहिली.
वाट होती.
वाटेवर दोन जातींचे बूट होते,
एक मोठे, बाहेर वळलेले; एक माझे.
तारेवर चिंध्या होत्या, वेड्यावाकड्या का होईना.

तिनं काठी आडवी धरली,
या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजलं.
"अरुंद आहे," म्हणाली.
"एक माणूस दुसऱ्याला धरून बाहेर काढतो,
तेव्हा दोघांची जागा लागते."

हेन्नोनं टोपी कानांवर ओढली
आणि काही न बोलता फावडं उचललं.