चौसष्ट अक्षरं

सात लॅपटॉप लाल केबल कारने वर आणले,
आईच्या विणलेल्या शालीत, पाठीवर बांधून,
तान्ही पोरं आणावीत तसे.
खाली ला पासमधल्या एका विमा कचेरीने टाकून दिलेले.
एकाचं बिजागर तारेनं आवळलेलं,
एकाची एंटरची कळ बेपत्ता,
सगळ्यांना पासवर्ड,
आणि पासवर्ड ठाऊक असलेला माणूस
नोकरी सोडून चिलीला निघून गेलेला.

सेन्काताच्या शाळेत सोमवारी हवेत.
पुसून काढू, म्हटलं, नवं घालू,
कुणाच्याच खिशातलं नसलेलं, मोकळं.

दोन रात्री फाइल उतरवत होते
डॉन इलारिओनच्या भिंतीला पाठ लावून,
कारण त्यांचं वायफाय तेवढ्याच कोपऱ्यात झिरपतं.
जून महिना, बादलीतलं पाणी दगड झालेलं.
एक्क्याण्णव टक्क्यांवर वीज गेली.
आली, तेव्हा फाइल जिथल्या तिथून पुढे चालू लागली
जसं काही झालंच नाही.

आईनं विचारलं, हे असतं तरी काय?
म्हटलं, चुन्यो समज.
हिवात गोठवून, पायांनी तुडवून
पाणी काढलेला बटाटा.
अख्खं शेत एका पोत्यात मावतं,
दहा वर्षं टिकतं, भिजवलं की फुगतं.
आई म्हणाली, फुगतं खरं,
पण त्याचा परत बटाटा होत नाही.

मग पडताळा.
मूळ ठिकाणी दिलेली चौसष्ट अक्षरं एका कागदावर,
माझ्या फाइलची चौसष्ट दुसऱ्यावर,
आकडे, नि मधेमधे ए पासून एफ.
माझे डोळे मिटत होते. दिले आईच्या हातात.
सातुर्निना तिकोना, शाळेचं तोंड न पाहिलेली,
पण चार हजार दोऱ्यांच्या पट्ट्यात
चुकलेला एक दोरा अंधारात बोटानं शोधणारी.
तिनं कागद शेजारी शेजारी ठेवले.
चिमटीत धरल्यासारखी अक्षरं मोजू लागली,
आणि तिसऱ्यावरच थांबली.
ह्या बहिणीसुद्धा नाहीत, म्हणाली.

म्हटलं, कुठेतरी एक दोरा सुटला असेल, आई.
एक सुटला तर तिथंच दिसेल ना,
सगळी नक्षी कशी फिरेल?
इथं फिरते, म्हटलं.
तिला ते पटलं नाही. मलाही कधी पटलेलं नाही,
नुसतं ठाऊक आहे.

पुन्हा भिंत, पुन्हा घोंगडी, आणखी एक रात्र.
पहाटे नवा कागद दिला.
तिनं चहा गार होऊ दिला.
अठ्ठेचाळिसाव्याला एकदा मागे गेली, परत आली.
चौसष्टाव्यावर बोट टेकवून म्हणाली,
एकाच मागावरचं आहे.

पेनड्राइव्ह लावला. यावरचं सगळं पुसलं जाईल.
त्यावर होतं काय, तर माझ्या मोडलेल्या साखरपुड्याचा व्हिडिओ,
तीन तासांचा, त्यातला अर्धा ब्रास बँड.
हो म्हटलं.
हो म्हणायच्या आधी बाकी सगळ्या वायरी उपटल्या,
कारण एकदा चुकीच्या डिस्कला हो म्हटलं होतं
आणि भाऊ अजून बोलत नाही.

पहिला लॅपटॉप हट्टी निघाला.
उठला की सवयीनं आपल्याच पोटात बघायचा
आणि पासवर्ड मागायचा.
मग आत शिरून यादीत पाहुण्याला वर चढवलं:
आधी दारातल्याला विचार, मग घरातल्याला.
काळा पडदा. एक रेघ लुकलुकत राहिली,
इतका वेळ, की आईनं शाल आवरायला घेतली.

मग भाषांची यादी उघडली.
आपली आहे का बघ, ती म्हणाली.
खाली खाली जात राहिले,
जगात इतक्या लिप्या आहेत, काही तर वेलीसारख्या.
तळ आला. आयमारा नव्हती.

मग काल रात्री मी वाचलं, ते कुठल्या भाषेतलं होतं?
तिनं सहज विचारलं, कागद घडी करून
पोलेराच्या खिशात ठेवत.

मी स्पॅनिश निवडलं.
पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला.
अजून सहा होते.