काहिलीतून

दिवाळी होऊन आठ दिवस झालेले,
गुऱ्हाळ पेटायला अजून आठवडा,
म्हणून काहील मोकळी.
हिंदुराव मामांनी ती उसाच्या चिपाडानं घासली
आणि प्रयाग चिखलीच्या घाटावरून
नदीत ढकलली.

"बस सुनबाई. तुझ्या भावाची क्रूज ती, माझी ही."

मी गाबताची पोर, देवबागची.
वल्हं, पागेर, रापण
हे शब्द तोंडात असतानाच मला दात आले.
पण गोल होडी कधी बघितली नव्हती
जिला नाळ नाही, वरामा नाही,
जी वल्हं मारलं की निघण्याआधी
स्वतःभोवती एकदा फिरून घेते,
नवं लुगडं बघणाऱ्या बाईसारखी.
काठाला अजून गेल्या साली उतू गेलेल्या काकवीचा वास.
मुंग्याही आमच्याबरोबर निघालेल्या.

मधोमध शेगडी. तव्यावर तेल.
जाळ्यात एक वांब, दोन मरळ
आणि मूठभर चंदेरी काहीतरी,
ज्याचं नाव सहा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.
"मासाच की," म्हणतात.

सहा वर्षं मी नाक मुरडलं.
लक्ष्मीपुरीत, गगनबावड्याचा घाट चढून आलेली सुरमई
बर्फात डोळे पांढरे करून पडलेली असायची.
मी कल्ले उचलून बघायची
आणि न घेताच परत यायची.
माहेरच्या माणसाची अशी दशा बघवत नाही.
आणि नदीचा मासा?
मातीचा वास येतो, म्हणायची.

सकाळी रुपेशचा फोटो आला होता.
सातव्या डेकवर पांढरी थाळी,
सुरमई, लिंबाची चकती, कोथिंबिरीचं एकच पान.
खाली लिहिलेलं, माझ्या हातची.
मी विचारलं, खाल्लंस?
त्यानं नुसतं हसरं तोंड पाठवलं.
मग बऱ्याच वेळानं:
आमका डाळभात गे.

मामा वांबीला कांदा-लसूण चटणी चोळत होते.
मी कनवटीची सोलं काढली, दोनच,
वाटीत भिजवून पिळली.
"ह्ये काय? जांभळं?"
"आंबट."
"घाल. नदी काय नगं म्हणती व्हय?"

संगमाशी पाणी रुंद झालं.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
मामांनी वल्ह्यानं एकेक दाखवली,
लग्नात भावकी दाखवतात तशी.
"आणि सरस्वती?"
"ती गुप्त. उसनं न्हेलेल्या पाव्हण्यागत."

ही समुद्राला कुठं मिळते, मी विचारलं.
त्यांनी हनुवटी उगवतीकडं केली.
"लई लांब. किस्नेतनं पार तेलंगी मुलखात."

म्हणजे डोंगराच्या ज्या कण्यावर पाऊस पडतो
तिथून माझं देवबाग दिवसाच्या वाटेवर.
आणि एक थेंब वीतभर इकडं पडला
एवढ्यावरून
पाठ फिरवून अख्खा देश चालत जातो.

मी काही बोलले नाही.
तवा चुरचुरत होता, तेवढं पुरे होतं.

वांबीचा तुकडा. कडेला करपलेला, आत पांढरा.
तिखट आधी, जिभेच्या शेंड्याला.
मग सोलांचं आंबट,
उशिरा, दाराआडून डोकावल्यासारखं.
आणि तळाशी माती.
होय, माती होतीच.
गाळाची, उसाच्या पाटाची, म्हशी धुतल्याची,
माझी पोर रोज पायाला लावून घरात आणते ती.
मी बोटं चाटली.
दुसरा तुकडा न विचारता उचलला.
तिसरा मामांच्या पानातला.

काहील आपली फिरत होती,
तोंड कधी उगवतीला, कधी मावळतीला,
तिला दोन्ही सारखंच.

"मग? झालं का प्वाटभर?"

इथल्या बायका "मी आलो", "मी गेलो" म्हणतात.
सहा वर्षं मला त्याचं हसू यायचं.

"जेवलो, मामा," मी म्हटलं,
आणि काठावरच्या मुंग्यांना
भाकरीचा कोर ठेवला.