धुवण

(उत्तर लाओस, रबराच्या मळ्यांचा मुलूख)

लेक बाळंत झाली तेव्हा माच मीच बांधला,
खाली निखारे, वर ती आणि तिचं पिल्लू.
एकवीस रात्री लाकूड सारत राहिले.
झोपले नाही, हेही लिहून घ्या.

खायला चिकट भात. मीठ. भाजलेलं आलं.
मुळ्यांचा काढा, तोंड पोळेल असा.
अंडं नाही, बांबूचा कोंब नाही,
बिनखवल्याचा मासा तर जिन्यापर्यंतही नाही.
माझ्या आईने मला असंच जपलं,
तिच्या आईने तिला.
जपणं म्हणजे काय काय काढून घेणं,
हे कुणी मोजत नव्हतं.

आणि खरं सांगू, अंडी द्यायची म्हटली
तरी होती कुठे? कोंबड्या तीन.
अंडी मळ्यातल्या ट्रकवाल्याकडे जायची,
मीठ, साबण आणि जावयाच्या मोबाईलचा रिचार्ज होऊन
परत यायची.
रबराआधी तिथे रान होतं.
बेडूक, कोवळी पानं, लाल मुंग्यांची अंडी,
रिकामी टोपली घेऊन बाई कधी घरी आली नाही.
आता झाडं रांगेत उभी असतात, शाळेतल्या पोरांसारखी,
आणि खाली काही उगवत नाही.

तांदळाची मात्र ददात नव्हती.
रात्रभर भिजवायचा, पहाटे ते पाणी
फळ्यांच्या फटीतून खाली ओतायचं,
डुकरं वाट बघत असतात.
मग दोनदा चोळून धुवायचा, तिसऱ्यांदा नितळ.
पांढराशुभ्र भात करते म्हणून गावात माझं नाव आहे.

सातव्या आठवड्यात बाळ रडायला लागलं
आणि आवाज येईना.
तोंड उघडं, जीभ थरथरतेय, कपाळ लालबुंद,
जसं कुणी दुसऱ्या खोलीत रडतंय
आणि दार ओढून घेतलंय.

ते तोंड माझ्या ओळखीचं होतं.

मोटारसायकलवर दोन तास.
नर्स विलायवान, पोरगीच, केस अजून ओले.
बाळाच्या छातीला नळी लावली आणि मला विचारलं,
आई काय खाते?
भात, मी ताठ मानेने म्हटलं. आमची लेक पोटभर जेवते.

एक सुई, मांडीत.
दुपार कलायच्या आत त्या पोराने असा टाहो फोडला
की बाकावर पेंगणारा म्हातारा चपला घालून उभा राहिला.
पोना हसली.
मी भिंतीकडे तोंड केलं.

नर्स सांगत होती, तुम्ही ओतून देता
त्या पाण्यातच ते निघून जातं,
दुधातून बाळाला पोचायचं ते.
रंग नाही त्याला, वास नाही.
शेंगा द्या, मांस द्या, तांदूळ कमी धुवा.
पानाचा विडाही तिने चोरांत बसवला,
ते मी अजून मानलेलं नाही.

आता पोना अंडं खाते, माझ्यासमोर, जरा भीत.
मी दुसरीकडे बघते, तेवढंच जमतं मला.
तांदूळ एकदाच धुते. भात करडा होतो,
शेजारीण नाक मुरडते.

पण पहाटे भांडं हातात घेऊन
मी त्या फटीपाशी थांबते.
पहिला बुनमी, दोन महिन्यांचा.
दुसरीचं नाव ठेवायचं राहिलं.
दोघंही आवाज न करता गेली.
आम्ही म्हणालो, रानातल्या कुणीतरी मागून घेतली.
पोना तिसरी. ती का राहिली, ठाऊक नाही.

त्या वर्षांत आमची डुकरं
अख्ख्या गावात गुटगुटीत होती.
बायका विचारायच्या,
काय घालतेस गं यांना?