आतबट्ट्याचा व्यवहार

फेरीबोटीतून उतरले तेव्हा तीन वाजले होते
आणि दिवस केव्हाच मावळला होता.
काखेत फाइल. फाइलीत एकच प्रश्न, न्यासाने लाल शाईत विचारलेला:
अठरा महिने, एक शिकाऊ, एक सूक्ष्मदर्शक,
आणि दुरुस्त झाले ते अकराच हातमोजे?

संग्रहालय म्हणजे मीठ साठवायची जुनी वखार.
दारात वेन्के ब्रोटन, सगळ्या संग्रहाची एकटी राखणदार,
म्हणाली, आधी कॉफी, मग झाडाझडती.

माझा न्यास सार्डीनच्या डब्यांवर उभा आहे.
संस्थापकाचं तैलचित्र आमच्या जिन्यात टांगलंय,
कल्ले राखलेले, हात कोटाच्या खिशात.
त्याच्या कारखान्यात मुंडकी छाटणाऱ्या बायकांचे हात
कुठल्याच चित्रात नाहीत.
मिठाने चिरलेल्या त्या बोटांचं व्याज
गेली साठ वर्षं आम्ही दर वसंतात वाटतो,
अर्ज तीन प्रतींत मागवून.
हे अहवालात लिहायचं नसतं.

आतल्या खोलीत आइलिफ.
घरची बोट विकली तेव्हा सोळाचा होता.
खांदे वल्ह्यासाठी घडलेले,
आणि त्या खांद्यांच्या शेवटी एक चिमटा,
चिमट्यात नखाएवढी लोकर.
मान वर न करता म्हणाला,
"श्वास जरा हळू घ्या."

कसर म्हणजे माझ्या धंद्यात तूट.
इथे कसर म्हणजे लोकर खाणारी अळी.
प्रत्येक मोजा दोन आठवडे बर्फपेटीत ठेवायचा,
मग आठवडाभर नुसता बाहेर, सवय होऊ द्यायला.
"सवय कोणाला?" मी विचारलं.
"मोज्याला," तो म्हणाला. "मलाही."

मोजे कोळ्यांचे. दुप्पट मापाचे विणलेले,
मग खारट पाण्यात भिजवून, बोटीच्या फळीवर तुडवून
हाताएवढे आकसवलेले.
काहींना अंगठे दोन:
तळवा झिजला की मोजा फिरवून घालायचा.
मी हिशेबनीस. मला हे एकदम पटलं.

मग त्याने मला भिंगाखाली बघायला लावलं.
नोंद क्रमांक दोनशे बारा, मालक अज्ञात.
करड्या लोकरीच्या पिळात एक तांबूस धागा,
गुळगुळीत, लोकरीसारखा खवल्याखवल्यांचा नव्हे.
"बाईचा केस. मोजा टिकावा म्हणून घालायच्या.
आणि हे बघा, अंगठ्याजवळचं रफू."
तिथेही केस होते. पांढरे.

केसाने गळा कापतात, ऐकून होते.
केसाने कोणाचा हात तीस वर्षं
गारठ्यातून ओढून आणतात, ते माहीत नव्हतं.

"तीच बाई?" माझा आवाज जरा चिरकला.
"किंवा सून. किंवा शेजारीण. मला ठाऊक नाही,"
आइलिफ म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.
"चाचणी करता येते. बर्गनला. पण ती महाग आहे."
वेन्के खिडकीशी गेली, हसू लपवायला.

हे ओळखायला तो बर्गनच्या प्रयोगशाळेत सहा आठवडे शिकला होता.
पावती फाइलीत होती. मीच तिच्यावर
"प्रवास, संकीर्ण" असं लिहून ठेवलं होतं.

उरलेत तीनशे एकोणतीस.
या गतीने पंचेचाळीस वर्षं, मी मनातच भागाकार केला.
वेन्के मे महिन्यात निवृत्त होते.
तिला जे बोटांनी कळतं ते कुठल्याही वहीत नाही,
ते फक्त आइलिफच्या बोटांत अर्धंमुर्धं उतरलंय.
हा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा?

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी चष्मा काढला.
"थोडक्यात, आतबट्ट्याचा व्यवहार."
"होय," मी म्हणाले. "पुढचा हप्ता एक तारखेला पाठवते."
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग कोणीतरी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

फेब्रुवारीत एक पोस्टकार्ड आलं, सही नसलेलं:
बारावा उघडला. बोटांच्या टोकाशी वाळू आहे.
आमच्या किनाऱ्याची नाही.
घाई करू नका.