प्रश्न क्रमांक चौदा

एका फॉर्मचे सत्तर रुपये, होडीभाडं आपलं आपण.
कोंडबंदरच्या जेटीवर उतरलो तेव्हा
ओहोटी होती, पायवाटेपर्यंत जवळा पसरलेला,
आणि टॅबलेटची बॅटरी बेचाळीस टक्के.

प्रश्न क्रमांक तीन. देशाने आधी काय करावे?
रस्ते व पूल, आरोग्य, शिक्षण, संरक्षण, वीज, रोजगार, पाणी.
एक ते सात क्रमांक द्या. एक आकडा एकदाच.

मुनाफ होडेकर जाळ्याच्या भोकात बोटं घालून बसला होता.
म्हणाला, खाडीवर पूल झाला तर पलीकडचा दवाखाना आमचाच.
दवाखाना अलीकडे झाला तर पूल थांबेल दहा वर्षं.
दोघांना एकच नंबर लिही.
मशीन घेत नाही, मी म्हटलं.
मग मशीनला विचार, तिला काय पाहिजे.

दामू पावसे तांडेल चालता चालताच बोलला,
देशाचं मी काय सांगू, देश मोठा आहे,
मला तासाभरात भरती आहे.
त्याचा फॉर्म अपूर्ण. अपूर्णाचे पैसे नाहीत.

बर्फाचा कारखाना वाडीच्या टोकाला.
संगमरवरावर दोन देशांचे झेंडे,
एक आपला, दुसऱ्याचा रंग खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला.
आत फाटकी जाळी, एक गाभण शेळी,
गेल्या निवडणुकीचे बॅनर गुंडाळून ठेवलेले.
दारात बायजी वासावे मुशी कापत बसलेल्या.

प्रश्न क्रमांक चौदा. परदेशी मदत गरजूंपर्यंत पोहोचली का?
पूर्णपणे, काही प्रमाणात, अजिबात नाही, सांगता येत नाही.

हसल्या. ज्यांच्या अंगणात बर्फ पडतो, म्हणे,
त्यांनीच आमाला बर्फाचं मशीन धाडलं. वादळाच्या सालात.
संगती डिझेल आलं व्हतं, ते अकरा दिवस पुरलं.
थ्री फेजचा अर्ज अजून हाय कुठंतरी.

बोट टॅबलेटवर नेलं.
'अजिबात नाही'वर.

थांब की.
नवव्या दिवशी आमच्या ह्यांची होडी उलटली खडपाजवळ.
सांजेला अंग गावलं.
पोरगा तवा मस्कतच्या जहाजावर खलाशी.
हिकडं आणून लाद्यांवर ठेवला त्यास्नी,
माशांच्या टोपल्या बाजूला सारून.
कोणी काही बोललं नाय, मुनाफभाईनं सोताची मासळी बाहेर काढली.
पोरगा बाराव्या दिवशी दुपारी आला.
मशीन आदल्या रातीच बंद पडलेलं,
पण लाद्या होत्या अजून, पातळ झाल्या होत्या, होत्या.
बापाचा चेहरा बघितला त्यानं. चेहरा होता तसा होता.

सुरी थांबली नव्हती. मुशीचे तुकडे सारखे पडत होते.

सुपरवायझरला फोन लावला
जेटीच्या तिसऱ्या खुंटाला टेकून, रेंज तिथेच येते.
अकरा दिवस म्हणजे काय धरू?
तो म्हणाला, सांगता येत नाही दाब, पुढच्या घरी जा.

शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं बसतात.
परत येऊन विचारलं, काय लिहू?
लिही, बर्फ चांगला होता.
लिहिलं. जागा उरली.

मग पाण्यात हात खळबळून त्यांनीच विचारलं,
त्या देशात पण फिरतो का कोणी असं दारोदार?
विचारतो का त्यांना, तुमचा बर्फ कुठं गेला,
कोणाच्या अंगाखाली गेला, ठाऊक हाय का?

यादी खाली सरकवली, वर सरकवली.
चौदानंतर पंधरा होता: घरात शौचालय आहे का.

होडीवाला हाका मारत होता.
जवळा गोळा करायला बायका धावल्या,
पाणी चढायला लागलं होतं,
आणि मी उभ्याउभ्या पंधरावा वाचला.